पोस्टकोडसकट प्रार्थना

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी दार वाजलं तेव्हा माझे दोन्ही हात पिठात होते. पोस्टमन असं दार वाजवत नाही. चार ठोके, आणि श्वास घ्यायलाही न थांबता परत चार.

"कोण तडमडलं गं एवढ्या सकाळी?" जयंत, माझा नवरा, वरून ओरडला.

मी तशाच हातांनी दार उघडलं. बाहेर सहा जण, त्यांत एक बाई. काळी जाकिटं, जाड बूट. पुढचा माणूस एकदम सभ्य.

"गुड मॉर्निंग, मिसेस साळवे. आम्ही इमिग्रेशनकडून आलोय."

वीस वर्षं मी हॉस्पिटलात जेवणाच्या ट्रॉल्या ढकलते. तिथल्या अर्ध्या सिस्टर्सना अजून माझं आडनाव नीट म्हणता येत नाही. यानं फाडकन म्हटलं.

"मागची खोली ना? किचनच्या वरची? खिडकी नीट लागत नाही ती?"

ती खोली रस्त्यावरून दिसत नाही. तिची खिडकी लागत नाही हे घरातल्या तिघांशिवाय कुणाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. तिघे म्हणजे मी, जयंत आणि त्या खोलीत झोपणारी ओदेत.

ते जिन्यावरून वर गेले. आरडाओरडा झाला नाही. ओदेतचा फक्त खोकला ऐकू आला, मग त्या बाईचा आवाज, "शूज घाला, प्लीज." ओदेत खाली आली ती नाइटीवर माझा जुना स्वेटर घालून. हाताला बेडी. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे किचनमध्ये पाहिलं आणि म्हणाली, "ममाँ नीना, तवा."

तवा धुरानं भरला होता. मी विसरले होते. ती बेडीतल्या हातांनी दोन पावलं पुढे झाली, गॅस बंद केला आणि परत येऊन उभी राहिली. त्या सहा जणांपैकी कुणी तिला अडवलं नाही. सगळे एकमेकांकडे पाहत राहिले.

मग त्या सभ्य माणसानं फाइल उघडली आणि माझी सही घ्यायला एक फॉर्म काढला. त्या फॉर्मखाली घडी घातलेला एक कागद होता. उलटा होता, तरी वरच्या कोपऱ्यातलं चित्र मला दिसलं. चोचीत फांदी धरलेलं कबुतर, एक पंख दुसऱ्यापेक्षा मोठा.

ते कबुतर मी ओळखत होते. आमच्या चर्चच्या प्रार्थनापत्रावरचं होतं ते.

*

आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. तिसरी पिढी. आमच्याकडे चर्चला देऊळच म्हणतात. लेस्टरला येऊन एकवीस वर्षं झाली, पण इथल्या मराठी मंडळात एखादी डॉक्टरीणबाई अजून विचारते, "साळवे, म्हणजे ख्रिश्चन? अय्या, पण मराठी किती छान बोलता हो!" मी म्हणते, तुम्हीही छान बोलता. मग ती पुन्हा माझ्याशेजारी बसत नाही.

आमचं चर्च म्हणजे ब्रुक लेन फेलोशिप. एके काळी तिथे मोज्यांचा कारखाना होता. आता गिटार, ड्रम, पडद्यावर गाण्याचे शब्द आणि मागे चहाचं टेबल. नव्वद माणसं. टीव्हीवर अमेरिकेतले पाद्री ओरडतात तसले हे लोक नव्हेत, हे आधीच सांगते. बायबल अक्षरन् अक्षर मानणारे, पण इराकच्या युद्धाविरुद्ध पावसाथंडीत लंडनला मोर्चात चाललेले. पास्टर कॉलिन उंच, टक्कल पडलेला, सँडल घालणारा. तो म्हणायचा, "ज्याला गरीब दिसत नाही त्याला येशू दिसलेला नाही." आम्हाला ते पटलं. अजून पटतं. म्हणूनच तर हे सगळं घशात अडकलंय.

दोन हजार पाचच्या जुलैत आमचा कोच, म्हणजे चर्चनं ठरवलेली बस, एडिनबराला गेला होता. गरिबी संपवा म्हणून लाखो माणसं पांढरे कपडे घालून रस्त्यावर. कोचमध्ये सगळ्यांच्या मनगटांवर पांढऱ्या पट्ट्या बांधल्या त्या एड्रियननं. चाळिशीचा, लाजाळू, स्वतःचे सँडविच दुसऱ्यांना वाटून टाकणारा माणूस. कुठल्याशा सरकारी ऑफिसात काम करतो एवढंच आम्हाला ठाऊक होतं. मोर्चात आणि परतीच्या वाटेवर कोचमध्ये जयंतनं एक वही फिरवली. संपर्कात राहायचं असेल त्यांनी नाव आणि ई-मेल लिहा. इतर शहरांतल्या लोकांनीसुद्धा लिहिली.

त्या वहीचं पुढे काय होणार हे कुणाला ठाऊक होतं?

दोन वर्षांनी कॉलिनच्या डोक्यात आलं की नुसते मोर्चे पुरे, आता कौन्सिलमध्ये आपला माणूस हवा. माणूस म्हणून जयंत सापडला. एक्स-रे विभागात काम, सगळ्यांशी गोड बोलणं, रंग सावळा. कॉलिन हे शेवटचं बोलला नाही, पण मी काय आंधळी आहे? तीन मेला मतदान. जयंत अपक्ष. घरात पत्रकांचे गठ्ठे, त्यांवर जयंतचा दात दाखवणारा फोटो आणि खाली, 'शेजाऱ्याचा आवाज'.

आणि फेब्रुवारीत ओदेत आली.

ती किन्शासाची. शाळेत भूगोल शिकवायची. नवरा विरोधी पक्षाची पत्रकं छापायचा. एक दिवस त्याला उचलून नेलं, तो परत आला नाही. मग तिचं नाव निघालं, ती पळाली. इथे तिचा अर्ज फेटाळला गेला. आम्ही रवीकडे गेलो. रवी सॉलिसिटर, लेस्टरातच जन्मलेला मराठी पोरगा, मराठी बोलतो म्हणजे लढतो.

"आँटी, तिच्या नावाचा अरेस्ट वॉरंटचा कॉपी पाहिजे. ओरिजिनल असली तर बेस्ट. तो कागद आली की मी फ्रेश क्लेम टाकतो. मग तिला कोणी हात नाय लावणार."

"आणि तोपर्यंत?"

"तोपर्यंत ती सापडला नाय पाहिजे. सापडला तर आठ-दहा दिवसांत प्लेनमध्ये. अँड देन, आय कान्ट डू मच."

कागद तिच्या भावाकडे होता. तो हातोहात कुणाबरोबर तरी बाहेर काढायचा होता. महिना, दीड महिना. तेवढे दिवस ओदेतनं आमच्या मागच्या खोलीत राहायचं, बाहेर पडायचं नाही. जयंतनं मला बसवून सांगितलं, "हे बघ नीना. मी उमेदवार आहे. हे कुणालाही कळता कामा नये. चर्चमध्येसुद्धा फक्त कॉलिनला माहीत आहे. तोंड उघडू नकोस."

"मी कशाला उघडू?"

"तुझं पोट फुगतं म्हणून सांगतोय."

ओदेतनं भाकरी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती हसली. तिच्याकडे पिठाचा गोळा हातानं तोडून रश्श्यात बुडवतात. तिनं भाकरी तशीच मोडली आणि वांग्यात बुडवली. त्या दिवसापासून रोज सकाळी तिच्यासाठी दोन भाकऱ्या. ती मला भूगोल शिकवायची. काँगो नदी विषुववृत्त दोनदा ओलांडते हे मला पंचावन्नाव्या वर्षी कळलं.

ती रात्री खोकायची. खिडकी लागत नव्हती. आणि मला झोप लागत नव्हती.

*

आता माझं पाप सांगते.

आमच्या चर्चमध्ये बायकांचे तिघी-तिघींचे गट असतात. आठवड्यातून एकदा एकीच्या घरी बसायचं, प्रत्येकीनं आपलं ओझं सांगायचं, बाकीच्या दोघींनी त्यासाठी प्रार्थना करायची. नियम एकच, खोलीतलं खोलीत राहील. माझ्या गटात पास्टरची बायको आणि डोरीन. डोरीन चौऱ्याहत्तर वर्षांची. त्याच मोज्यांच्या कारखान्यात मशीन चालवायची, म्हणजे जिथे उभं राहून काम केलं तिथेच आता बसून गाते. इथल्या जुन्या बायका लाडानं सगळ्यांना 'डक' म्हणतात. डोरीन तर देवालाही म्हणत असेल.

एका मंगळवारी डोरीन म्हणाली, "तुझं काय, डक? डोळे बघ कसे झालेत."

आणि मी सांगितलं. सगळं. खोली, खिडकी, खोकला, कागद. मला वाटलं, इथे सांगितलं म्हणजे देवालाच सांगितलं. माझा बाप प्रार्थनेला बसताना दाराला आतून कडी लावायचा. कुणी कितीही ठोठावलं तरी उघडायचा नाही. त्याची मुलगी मी, आणि दुसऱ्याच्या किचनमध्ये चहा पीत, बिस्किट चघळत एका बाईचा जीव टेबलावर मांडून आले.

तर ओदेतला घेऊन गेले त्या सकाळी मी तशीच पिठाच्या हातांनी डोरीनकडे गेले. रडत नव्हते. डोकं बधिर झालं होतं.

"डोरीन, पत्र दाखव. कबुतरवालं."

"कुठलं, डक? दर शुक्रवारी एक जातं."

प्रार्थनापत्र तीच लिहून ई-मेलनं पाठवायची. तिनं कॉम्प्युटर लावला. लायब्ररीत जाऊन शिकली होती आणि त्याचा तिला मोठा अभिमान. ते कबुतर तिनंच काढलेलं. खाली लिहिलं होतं:

'प्रार्थनेच्या सैनिकांनो, आपली काँगोची बहीण ओदेत हिच्यासाठी तातडीनं प्रार्थना करा. ती सरकारपासून लपून आहे. नीना आणि जयंत यांच्या घरी, किचनवरच्या मागच्या खोलीत. तिथली खिडकी लागत नाही, त्यामुळे तिला खोकला आहे. देवानं तिला दृष्टिआड ठेवावं.'

आणि त्याखाली आमच्या घराचा नंबर, रस्ता, पोस्टकोड.

मी ते तीनदा वाचलं. चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं. आमच्या कॉम्प्युटरवरही आलं असणार, पण प्रचाराच्या धांदलीत जयंतनं उघडलंच नव्हतं.

"डोरीन, पत्ता कशाला?"

"अगं, शनिवारी प्रार्थनाफेरी होती ना? लोक घरावरून चालत जाऊन मनातल्या मनात प्रार्थना करणार. त्यांना घर कळायला नको?"

शनिवारी आमच्या रस्त्यावरून माणसं दोघं-दोघं मिळून ओठ हलवत फिरत होती, त्यांत रिटायर्ड हेडमास्तर जेफ्रीही. मी खिडकीतून पाहिली होती. जयंतच्या प्रचाराला आलेत समजून मी हात हलवला होता!

"देवाला घर ठाऊक होतं, डोरीन!"

"देवाला होतं गं," ती म्हणाली, "पण जेफ्रीला नव्हतं."

ती चेष्टा करत नव्हती. मी खुर्चीत बसले.

"किती जणांना गेलं?"

"दोनशे बारा."

"आपण तर नव्वद आहोत."

"ती जयंतची यादी, डक. एडिनबराची. त्यानंच मला वही दिली ना, निवडणुकीसाठी. म्हणाला, सगळी पत्रं सगळ्यांना जाऊ देत, लोक जोडलेले राहतात." मग तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. "पीठ कसलं हे? काय झालं, नीना?"

मी सांगितलं. तिनं दोन्ही हात तोंडावर नेले. मग ती म्हातारी आपल्या किचनच्या फरशीवर गुडघ्यांवर बसली आणि मोठ्यानं प्रार्थना करू लागली. मला तिला गदागदा हलवून म्हणावंसं वाटलं, बाई, गप्प बस, आता तरी गप्प बस. पण मी तिला उठवून खुर्चीवर बसवलं. तिचे गुडघे दुखतात.

*

जयंत घरी पत्रकांच्या गठ्ठ्यावर बसला होता. कामावर गेला नव्हता.

"वहीतली नावं न बघता दिलीत तुम्ही?" मी विचारलं.

"आणि त्या बायकांना कुणी सांगितलं?"

"मी."

"मग?"

"मग काय? मी बोलले, तुम्ही यादी दिलीत, डोरीननं पत्ता टाकला. आपण तिघांनी मिळून तिला नेऊन दिलं. आता वाटून घ्यायचं का, कुणाचं किती?"

त्यानं गठ्ठ्यातलं एक पत्रक उचलून उलटं केलं. मग म्हणाला, "पण दोनशे बारा माणसं, नीना. सगळी आपलीच. प्रार्थना करणारी. त्यांच्यातलं कोण असं..."

आम्हाला ते रविवारी कळलं. शोधावं लागलं नाही. उपासना संपल्यावर चहाच्या टेबलापाशी एड्रियन स्वतःच माझ्याकडे चालत आला. हातात न प्यालेला चहाचा कप होता.

"नीना, तू दुसऱ्या कुणाकडून ऐकण्याआधी मला सांगायचंय. ते मी केलं."

आधी मला कळलंच नाही. वाटलं, बिस्किटांबद्दल बोलतोय.

"कोचमध्ये मी वहीत ऑफिसचा ई-मेल लिहिला होता," तो म्हणाला. "घरी तेव्हा इंटरनेट नव्हतं. मी इमिग्रेशनमध्ये आहे. ते पत्र माझ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर आलं. तिथे आलेलं सगळं नोंदलं जातं. तिची फाइल माझ्याच टीमकडे होती. मी गप्प बसलो असतो तर ते लपवणं झालं असतं."

"तुझ्याकडे कधी आलं ते?"

"शुक्रवारी."

"आणि साहेबाला कधी दिलंस?"

"मंगळवारी संध्याकाळी. नीना, मी चार दिवस उपास केला. चार दिवस फक्त पाण्यावर. मी तिच्यासाठी इतकी प्रार्थना केली, जितकी माझ्या आईसाठीही केली नव्हती. शेवटी माझ्या मनाला शांती मिळाली. मग दिलं."

मी त्या माणसाकडे पाहत राहिले. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती. खोटं बोलत नव्हता. खरंच जेवला नव्हता चार दिवस. तेच सगळ्यात भयंकर होतं.

"चार दिवस," मी म्हणाले. "चार दिवसांत एक फोन नाही करावासा वाटला? 'नीना, तिला हलव.' तीन शब्द. ऑफिसमधून नको, रस्त्यावरच्या फोनच्या पेटीतून."

त्याचा चेहरा कोरा झाला. "ते बेकायदा झालं असतं," तो म्हणाला.

एवढ्यात कॉलिन आला. त्याला आधीच कळलं होतं. त्यानं एक हात माझ्या खांद्यावर ठेवला, एक एड्रियनच्या, आणि म्हणाला, "मित्रांनो, सैतानाला हेच हवंय, आपल्यात फूट. आपण तिघं पुढे जाऊ. सगळ्यांसमोर तुम्ही दोघं एकमेकांना मिठी मारा. केवढी साक्ष होईल!"

मी गेले पुढे. मिठी मारायला नाही. गिटारवाल्या पोरीनं मला माइक दिला, कारण तिला वाटलं मी साक्ष देणार, देवानं माझं काय भलं केलं ते सांगणार.

मी विचारलं, "ज्यांना शुक्रवारचं पत्र मिळालं त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. साठ-सत्तर. पांढऱ्या पट्ट्या घातलेली मनगटंही होती त्यांत, दोन वर्षांनी मळकट झालेली.

"त्यात माझ्या घराचा पत्ता होता. लपलेल्या बाईची खोली कुठली तेही होतं. तुमच्यापैकी एकानं, फक्त एकानं, मला फोन केला का? 'नीना, हे काय छापलंय, काढून टाका' असा?"

कुणी नाही. हात तसेच वर, खाली घ्यायचे की नाही ते कुणाला कळेना. मागच्या बाकावरचा जेफ्री हळूच म्हणाला, "आम्ही प्रार्थना केली, नीना."

"होय," मी म्हणाले. "सगळ्यांनी केली. त्यानंही केली." आणि मी एड्रियनकडे बोट दाखवलं.

एखादं ताट पडावं तसा आवाज झाला. नंतर कळलं की ताटच पडलं होतं. चहाच्या टेबलापाशी, डोरीनच्या हातातलं.

*

मला वाटलं होतं की आता तरी हे लोक हादरतील. हादरले. दोन दिवस. मग कामाला लागले.

कॉलिननं ओदेतचा फोटो मोठा करून घेतला. चर्चबाहेर मेणबत्त्या, स्थानिक पेपरवाले, खासदाराला पत्रं. 'ओदेतला परत आणा.' डिटेन्शन सेंटरच्या दारात आमचे वीस जण गाणी म्हणत उभे राहिले. मी म्हणत नाही की ते ढोंग होतं. डोरीन त्या थंडीत चार तास उभी होती. पण ओदेतच्या फोटोशेजारी जयंतचा फोटो होता आणि जयंतच्या फोटोखाली मतदानाची तारीख.

"हे काढा," मी जयंतला म्हणाले.

"मी कॉलिनला सांगितलं. तो म्हणतो, तिची केस लोकांपर्यंत पोचायला हाच मार्ग आहे."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मी नाव मागे घ्यायला गेलो होतो. मुदत संपली. मतपत्रिका छापल्या."

हे त्यानं मला आधी सांगितलं नव्हतं. नाव मागे घ्यायला गेला होता, त्या एका गोष्टीसाठी मी त्याच्याबरोबर अजून राहते.

रवी कोर्टात गेला, रात्रंदिवस राबला. "आँटी, जजनी विचारली, पेपर कुठे आहे? आय सेड, वाटेत आहे. तो म्हणाला, देन इट इज नॉट बिफोर मी. म्हणजे समोर नाय ते धरणार नाय." पोराचा आवाज बसला होता.

बुधवारी दुपारी ओदेतचा फोन आला. विमानतळाच्या गाडीतून. दीड मिनिट बोलली असेल.

"ममाँ नीना, तू रडू नको. तुला कुणी सांगितलं का, त्यांना माझी खोली कशी कळली?"

मी म्हणू शकले असते, नाही कळलं. मी सांगितलं. मी कुणाला बोलले, डोरीननं काय लिहिलं, एड्रियननं काय केलं.

"प्रार्थनेतून?" ती म्हणाली. परत म्हणाली, "प्रार्थनेतून?" त्या बाईनं नवरा गेलेला पाहिला होता, तुरुंग पाहिला होता. पण एवढा धक्का बसलेला तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मग म्हणाली, "ममाँ, आता माझं नाव मोठ्यानं घेऊ नका. देवासमोरसुद्धा."

गुरुवारी मतदान झालं. वॉर्डातून तीन जण निवडायचे होते. जयंत तिसरा आला, एकसष्ट मतांनी. मतमोजणीच्या हॉलमध्ये आमचे लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. कॉलिनच्या डोळ्यांत पाणी. तो माझे दोन्ही हात धरून म्हणाला, "बघ, नीना! देव वाया काहीच जाऊ देत नाही. ओदेतनंच हे जिंकून दिलं!"

मी हात सोडवून घेतले. जयंतला स्टेजवर दोन शब्द बोलायला उभं केलं. त्यानं माइकजवळ तोंड नेलं, आणि बोलताच येईना त्याला. लोकांना वाटलं, भावना अनावर झाल्या. टाळ्या वाजवल्या.

*

शुक्रवारी पाकीट आलं.

ब्रसेल्सच्या शिक्क्याचं. कुणी काँगोली माणसानं विमानातून आणून तिथून पोस्टात टाकलं असावं. आत दुसरं पाकीट, तपकिरी, चुरगळलेलं. त्यात वॉरंट. ओरिजिनल, शाईचा शिक्का असलेलं. ओदेतचं पूर्ण नाव, तिच्या नवऱ्याचं नाव. मी ते किचनच्या टेबलावर ठेवलं आणि तिथेच ओट्याला टेकून उभी राहिले. विमान सुटून सव्वीस तास झाले, मी मोजलं. बुधवारची संध्याकाळ ते शुक्रवारची सकाळ, मी परत मोजलं, चाळीस निघाले. मला साधा हिशोबही जमेना.

तपकिरी पाकिटाच्या मागे भावानं आपला पत्ता लिहिला होता. वस्ती, गल्ली, कुठल्या पंपाच्या मागे, सगळं. भूगोलाच्या बाईचा भाऊ. पत्ता पूर्ण लिहिण्याची घरातलीच सवय असणार.

संध्याकाळी फोन वाजला. लांबचा, खरखरणारा.

"पोचले. विमानतळावर दोन दिवस ठेवतात, पण एकानं पैसे घेऊन मागच्या दारानं सोडलं. भावाकडे आहे. ममाँ, कुणाला..."

"नाही," मी म्हणाले. "कुणाला नाही."

फोन कट झाला.

जयंत किचनमध्ये आला. नवा कौन्सिलर, तीन दिवसांची दाढी. त्यानं टेबलावरचं वॉरंट पाहिलं, तपकिरी पाकीट उचललं.

"हे कॉलिनला द्यायला हवं," तो म्हणाला. "पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारता येईल. कागद होता, आणि यांनी थांबायचंही..." मग तो थांबला. पाकीट उलटं करून वाचू लागला. "हा तिच्या भावाचा पत्ता ना? कोण होतं फोनवर? ती होती का? कुठे आहे ती?"

मी त्याच्या हातातून पाकीट घेतलं. वॉरंट काढून त्याला दिलं. "हे रवीला द्या. त्याला उपयोग असेल तर असेल." आणि पाकीट गॅसच्या जाळावर धरलं. पेटताना बोटांना चटका बसला, तरी शेवटचा कोपरा जळेपर्यंत सोडलं नाही.

"मलाही नाही सांगणार?" जयंतनं विचारलं.

"नाही."

तो रागावला नाही. त्यानं नळ सोडला आणि माझी बोटं पाण्याखाली धरली.

तेवढ्यात परत फोन. डोरीन. रडून रडून आवाज चिरका झाला होता.

"नीना, डक, मी ते काम सोडलं. कॉम्प्युटर पोराला देऊन टाकला. पण आज हॉलमध्ये पन्नास माणसं जमलीत. तिच्यासाठी रात्रभर बसणारेत. एड्रियनसुद्धा आलाय, तो कोपऱ्यात एकटाच बसलाय. सगळे मला विचारतायत, ती पोचली का, कुठे आहे, कुणाकडे आहे. नेमकं ठाऊक असलं की प्रार्थना नेमकी होते. तुला काही कळलं का गं?"

पाणी वाहत होतं. ओट्यावर राख भिजली होती. डोरीनवर माझं प्रेम आहे, आजही आहे. तिच्याइतकी चांगली बाई मी या शहरात दुसरी पाहिली नाही.

"नाही, डोरीन," मी म्हणाले. "मला काहीच माहीत नाही."